वहिनीनं पाय लावला नाही

आमच्या सोनमवहिनीच्या उजव्या पायाला गावात जो मान होता, तो सरपंचाच्या फेट्यालाही नव्हता.

वहिनी पायाळू. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, असं आमच्या मंगळवेढ्याकडच्या माळावर सगळेच मानतात. बिरूदादाचं लग्न ठरत होतं तेव्हा पोरगी दिसायला कशी हे विचारायच्या आधी आई म्हणाली होती, "पायाळू हाय म्हनं. बरं झालं. मेंढरामागच्या मानसांच्या घरात एक पायाळू असावंच."

तेव्हापासून सकाळी चूल पेटते न पेटते तोच कुणीतरी अंगणात वाकडं होऊन उभं असायचं. एक हात कमरेवर, दुसरा गुडघ्यावर, तोंड कारलं खाल्ल्यासारखं. वहिनी हाताचं पीठ धुऊन बाहेर यायची. तो माणूस घोंगड्यावर पालथा पडायचा, आणि वहिनी एका हातानं सोप्याच्या लाकडी मेढीला धरून त्याच्या कमरेवर पायाचा अंगठा टेकवायची. टेकवायची म्हणजे टेकवायचीच. लाथ नाही, तुडवणं नाही. बाळाच्या टाळूवर तेल ठेवतात तितक्या हलक्यानं.

मी त्या दिवाळीला बाळंतपणासाठी माहेरी होते. माझी बाज सोप्यात, दाराला लागूनच टाकलेली. पोरीला पाजता पाजता मला सगळं अंगण दिसायचं, बोलणं ऐकू यायचं. आणि मला गंमत वाटायची ती पायाची नाही, त्याआधी वहिनी जे विचारायची त्याची.

"पडला व्हता का काका?"

"न्हाय गं पोरी. पान्याचा ड्रम उचलला आन् चमक भरली."

हे जोतीरामकाका, माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. गावात कुणाचं काहीही असो, त्यात ह्यांचं बोलणं आधी.

"ताप बिप?"

"न्हाय."

"पाय जड पडल्यात? मुंग्या येत्यात?"

"न्हाय की. लाव आता."

"लघवी साफ हुती?"

काका पालथे पडल्या पडल्याच लाल झाले. "आता ह्ये बी सांगू व्हय सुनंला?"

"न्हाय सांगायचं तर घरला जावा."

"हुती बाय, हुती! आख्खी विहीर भरंल एवढी हुती. लाव!"

अंगणात हशा पिकला. वहिनीनं पदर दाताखाली धरून हसू दाबलं आणि अंगठा टेकवला.

हे विचारणं काही वहिनी माहेराहून घेऊन आली नव्हती. वर्षभरामागं आमच्या आरोग्य उपकेंद्रात श्रीदेवी मॅडम आल्या. अक्कलकोटच्या; मराठी बोलता बोलता मधेच कानडीत शिरायच्या. पायाळूचं कानावर गेल्यावर त्या स्कूटरवरून तडक आमच्या दारात. चांगल्या खडसावायच्या तयारीनं आल्या होत्या, खडसावलंही. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं, चहा ठेवला, आणि कप हातात देताना विचारलं, "मॅडम, मी उद्या दार लावून घितलं, तर ही मानसं तुमच्याकडं येतील का दुसरा पायाळू हुडकतील?"

मॅडमनी चहाचा घोट घेतला. "दुसरा हुडकतील."

"मग मला सांगून ठेवा की, कुनाला तुमच्याकडं धाडायचं."

त्या दिवशी मॅडम दिवस कलेपर्यंत बसल्या. म्हणाल्या, बहुतेक उसणी म्हणजे मांस आखडलेलं असतं. वजन उचललं, वाकडं वळलं की होतं, आणि माणूस थोडं शेकत, थोडं हिंडत-फिरत राहिला की चार-आठ दिवसांत आपोआप सुटतं. तुमच्या अंगठ्यानं ते सुटत नाही, पण दाबला नाहीत तर बिघडतही नाही. मात्र सगळ्याच पाठी तशा नसतात. म्हातारी बाई घसरून पडली आणि पाठ धरली, तर मणका चेपलेला असू शकतो. अंगात ताप असला, लघवीला आग होत असली, तर दुखणं पाठीचं नाही, मूत्रपिंडाचं. पिकल्या माणसाच्या पाठीतून पोटात फाडल्यासारखी कळ आली, घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर एक घटकाही घरी ठेवायचा नाही. कुणाचं वजन उतरत चाललंय आणि पडून राहिलं तरी दुखणं हटत नाही, तोही माझ्याकडं.

"आन् एक," मॅडम म्हणाल्या होत्या, "पाय लुळं पडायला लागलं, बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली, नाहीतर न कळत गळली, तर मला फोन करायच्या आधी सोलापूरच्या रस्त्याला लागा. तितं उशीर केला ना, की माणूस जगतं, पण जन्माचं बसतं."

वहिनी चौथी शिकलेली. तिनं ते सगळं मनात कुठं आणि कसं ठेवलं कोण जाणे, पण ठेवलं. दिवाळीच्या आधीच वाण्याचा गुरुशांत आला. दुकानातून चार माणसांनी धरून आणला. अंगणात टेकला तसा गडाबडा लोळायला लागला. ह्या कुशीवरून त्या कुशीवर, उठतोय, बसतोय, पुन्हा लोळतोय. वहिनी दारातच थांबली.

"ह्येंची उसण न्हाय."

"आगं, कंबर धरून वरडतुया की त्यो!" आई म्हणाली.

"उसणीचं मानूस हलत न्हाय, आत्ती. हलतानाच तर जीव जातुय त्याचा. ह्ये तर एका जागी थांबंनात. ह्येंस्नी मॅडमकडं न्या."

मुतखडा निघाला. गुरुशांत बरा झाल्यावर पेढे घेऊन आला आणि वहिनीसमोर ठेवत म्हणाला, "वहिनी, पाय लावला नाही त्याचं पेढं." आईला ते फारसं रुचलं नव्हतं. पेढा खात म्हणाली, "आसं सगळ्यांस्नी मागारी धाडाय लागलीस तर पायाचा गुन जाईल."

त्या वर्षी परतीच्या पावसानं माळाला तोंड दाखवलं नाही. कुसळी गवत गुडघ्यालाही आलं नाही आणि दिवाळीआधीच वाळून गेलं. दर साली कार्तिक सरताना बाहेर पडणारी मेंढरं दिवाळीच्या फराळाचा वास घरात असतानाच काढायची ठरली. उजनीच्या कालव्याच्या बाजूला उसाचा पाला, केळीचे बुंधे मिळतील, तिकडं जायचं. पण निघायच्या आधी कातरणी उरकायला हवी. लोकरीला आता कुणी विचारत नाही. गोण्या कोपऱ्यात पडून कुजतात. म्हणून कातरणारेही येत नाहीत. पण कातरल्याशिवाय मेंढराला सुख नाही. लोकरीत कुसळं रुततात, गोचिडं भरतात, कातडं सोलवटतं.

तेव्हा कातर घेऊन बसले ते माझे वडील, धुळातात्या. मेंढरू आडवं पाडायचं, चारी पाय दोरीनं आवळायचे, मान गुडघ्याखाली दाबायची आणि कमरेतून दुमडून कातर चालवत राहायचं. कातरीचा आवाज खच्‌ खच्‌ खच्‌, एका चालीत. सकाळी सुरू व्हायचा तो ऊन उतरेपर्यंत. तात्यांच्या पाठीवर सदरा घामानं चिकटून मणके मोजता यावेत असे दिसायचे. बिरूदादा मेंढरं धरून आणायचा, आई लोकर गोळा करायची, वहिनी पाणी, भाकरी, चहा. पण कातर तात्या दुसऱ्याच्या हातात देत नसत.

"बिऱ्या कातडं कापतुय," म्हणायचे. "मेंढराला वरडू न देता कातरावं. त्ये काय चोर न्हाय."

शेवटाला राहिला एडका. दांडगा, शिंगं कानामागून वळून गालापर्यंत आलेला. एक कूस कातरून झाली, दुसऱ्या कुशीवर घ्यायला पाय सोडले तर दादाला तो आवरेना, म्हणून तात्या उठले, त्याला पुढच्या पायांत धरून उचलून वळवायला गेले. मी बाजेवरून बघत होते. तात्यांच्या तोंडातून ओरडणं आलं नाही. नुसती एक हवा गेली, सायकलच्या चाकातून जाते तशी. ते होते तिथंच वाकलेले राहिले. एडका सुटून गेला.

"तात्या?"

"उसण भरली," तात्या दात आवळून म्हणाले. "काय न्हाय. धर मला."

दादानं आणि आईनं धरून त्यांना सोप्यात आणलं. आईनं मीठ तापवून कापडात बांधून शेकलं. तात्या सगळ्याला हूं हूं करत होते. दोन्ही मांड्यांत मागून ठणका उतरतोय एवढंच म्हणाले. वहिनी आतल्या दाराआड उभी राहून आईच्या कानात म्हणाली, "आत्ती, मामास्नी इचारा की, पाय बधिर हायती का. लघवीचं बी इचारा."

सासऱ्याशी ती समोरासमोर बोलत नसे. लग्नाला चार वर्षं होत आली तरी नाही.

आईनं विचारलं. तात्या भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "समदं बरं हाय. सकाळच्या पारी सुनंला पाय लावाय सांग, म्हंजी दिसभर चालाय मोकळा."

पाय सकाळी, न खातापिता लावायचा असतो. म्हणून सकाळवर गेलं.

सकाळी अंगण भरलं होतं. आमच्याबरोबर ज्यांची मेंढरं निघायची होती ते सगळे आले होते. घोड्यावर लादायची बोचकी बांधून ठेवलेली, वाघरी, मेंढरांभोवती लावायची जाळी, गुंडाळलेली, कुत्री अस्वस्थ. दादानं तात्यांना आधार देऊन मेंढरांच्या वाड्यामागं नेऊन आणलं. जायला यायला फार वेळ लागला. तात्यांचे पाय जमिनीवर पडत नव्हते, घासत होते. अंगणात घोंगडं अंथरलं होतं, त्यावर त्यांना पालथं निजवलं.

"ये सोने," आई म्हणाली. "लाव पाय. लोक खोळंबल्यात."

वहिनी बाहेर आली. डोक्यावरून पदर चांगला खाली ओढलेला. सासऱ्याला पाय लावायचा म्हणजे तिच्याही जिवावर आलं असणार. तिनं आधी वाकून तात्यांच्या पायांना हात लावून नमस्कार केला. मग मेढीला धरलं. पाय उचलला. आणि तसाच हवेत ठेवला.

ती कुठं बघतेय ते मी बाजेवरून बघितलं. तात्यांच्या मांडीखालचं घोंगडं. करड्या लोकरीवर एक काळपट डाग हळूहळू पसरत होता. तात्या कोपरावर हनुवटी टेकवून जोतीरामकाकांना सांगत होते की पुढच्या मुक्कामाला पाणी कुठल्या अंगाला आहे. त्यांना काही ठाऊकच नव्हतं.

वहिनीनं पाय खाली घेतला. शेजारी नमस्काराआधी हातपाय धुवायला ठेवलेला पाण्याचा तांब्या होता. तो तिनं उचलला, आणि उचलताना तो तिच्या हातात तिरका झाला. सगळं पाणी तात्यांच्या कमरेखाली, मांड्यांवर, धोतरावर, घोंगड्यावर.

"आगं ए! डोळं फुटलं का तुजं?" आई ओरडली. "तांब्या धराय येत न्हाय व्हय?"

"हात निसटला, आत्ती."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, सासऱ्याला पाय लावायचा म्हणून सुनेचे हात कापायला लागले. वहिनी खाली बसून पदरानं टिपायला लागली, आणि टिपता टिपता, कधी नव्हे ते, थेट तात्यांना म्हणाली,

"मामा, पानी लई गार लागलं का?"

"मला?" तात्या म्हणाले. "मला कुटं लागलं? भुईला सांडलं आसंल."

त्यांच्या धोतरातून पाणी गळत होतं.

हसणं थांबलं. वहिनीचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त हात दिसत होता. टिपणारा हात तिथंच थांबला. मग ती तात्यांच्या डोक्याशी सरकली, उकिडवी बसली आणि त्यांच्या कानाशी वाकली. तिचा पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला. तिनं तो सावरला नाही. ती काय बोलली ते अंगणातल्या कुणाला ऐकू गेलं नाही, पण माझी बाज तिथून हाताच्या अंतरावर होती.

"मामा, लेक समजून सांगा. कालपासनं लघवी झालीया का?"

तात्यांच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. माझ्या बापाला मी लाजताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"न्हाय," ते घोंगड्यात तोंड घालून म्हणाले. "बसतुय, पर येत न्हाय. चार मानसांत काय सांगू बाय?"

वहिनी उठली.

"आत्ती, मी पाय न्हाय लावनार."

"काय?"

"नस दाबलीया त्येंची. पायाचं काम न्हाय ह्ये. सोलापूरला न्यायचं, आत्ताच्या आत्ता."

मग जे झालं ते सांगायलाही नको वाटतं. ज्यांच्या पाठीला तिनं अंगठा लावला होता तीच माणसं तिला बोलायला लागली. जोतीरामकाका सगळ्यांच्या वर. "गावाला पाय आन् घरच्याला न्हाय? सासरा म्हनून लाज वाटती व्हय गं? एक डाव टेकव की, झिजनार हाय का अंगठा?" आई तर तिच्या अंगावरच गेली. "मेंढरं दावनीला उपाशी, मानूस आडवा पडलाय, आन् तुला सोलापूर सुचतंय? माज्या कुक्वाला काय झालं तर तुजं तोंड न्हाय बघनार मी!"

तात्याही कळवळून म्हणाले, "लाव की बाय. माजा इस्वास हाय तुज्या पायावर."

 वहिनी म्हणाली, "म्हनूनच न्हाय लावत, मामा."

लघवीचं ती एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर सगळे गप्प झाले असते. नाही बोलली. नवऱ्याला बाजूला घेऊन दोन शब्द सांगितले. बिरूदादाचा चेहरा पांढरा झाला आणि तो फोन काढून अंगणाबाहेर पळाला. फोनवर श्रीदेवी मॅडम काय म्हणाल्या ते दादानं मला मागाहून सांगितलं. "बसायची जागा कळत नाही? लघवी बंद? अय्यो देवा. बेग, बेग! लवकर! गाडी बोलावते मी, तुम्ही फाट्यापर्यंत आणा. बसवून आणू नका, आडवंच आणा. खायला काही देऊ नका." दादा अंगणात परत आला तो गाडी येतेय एवढंच सांगत, आणि मॅडमनीच गाडी धाडली म्हटल्यावर कुणी आडवं आलं नाही.

फाट्यापर्यंतचा रस्ता दगडगोट्यांचा. गाडी आत येत नाही. मी पोरीला उचललं, आतल्या कोरड्या घोंगड्यावर ठेवलं, आणि म्हणाले, "माझी बाज घ्या."

ओल्या बाळंतिणीची बाज बाहेर काढत नाहीत. आईनं माझ्याकडं बघितलं आणि बाजेवरचं अंथरूण आवरलं. तात्यांना बाजेवर घेतलं. चार कोपऱ्यांना चौघे. एक कोपरा जोतीरामकाकांनी धरला. आठवड्यामागंच त्यांची स्वतःची कंबर धरली होती. खांद्यावर बाज घेतानाही त्यांचं तोंड चालूच होतं, "एक डाव टेकवला आस्ता तर..." पण खांदा त्यांनी फाट्यापर्यंत बदलू दिला नाही. वहिनी बाजेबरोबर चालत होती, एका हातानं तात्यांच्या तोंडावर छत्री धरून.

दादा आणि वहिनी गाडीतून गेले. घरी आई, मी आणि माझी पोर.

त्या दिवशी मेंढरं हलली नाहीत. आई वाड्यात गेली, एडक्याला पाडला आणि कातर घेऊन बसली. मी म्हटलं, आई, राहू दे. ती म्हणाली, "आर्दा कातरलेला कसा ठेवायचा? थंडी भरंल त्याला." कातर चालत होती, पण चाल तात्यांची नव्हती. मधेच थांबायची. थांबली की आई सोलापूरच्या रस्त्याकडं बघायची आणि वहिनीच्या नावानं काहीतरी पुटपुटायची.

दुपार कलल्यावर मी अंगणातलं ओलं घोंगडं उन्हात टाकायला उचललं. आईनं ते माझ्या हातातून ओढून घेतलं. "बाळंतिणीनं जड उचलू न्हाय." झटकायला गेली आणि थबकली. घोंगडं नाकाशी नेलं. मेंढरामागं जन्म गेलेल्या बाईला काय सांगावं लागतं? पाण्याचा वास तसा नसतो.

ती मेढीला टेकून खाली बसली.

"तुला ठावं व्हतं?"

"बघितलं मी. त्यांना कळलंच नव्हतं, आई. लोकांना दिसायच्या आत वहिनीनं पाणी ओतलं."

आई घोंगड्याची दशी बोटांनी सोडत आणि वळत राहिली. मग म्हणाली, "आन् मी तिला डोळं फुटलं म्हनले."

संध्याकाळी दादाचा फोन आला. तिथल्या डॉक्टरांनी आत नेलं होतं. मणक्यामधली गादी सरकून नसांच्या अख्ख्या जुडग्यावर बसलीय, म्हणाले. मशीनमधून फोटो काढला, लगेच ऑपरेशन. वेळेत आणलंत, पण किती परत येईल ते आज सांगता येत नाही. पाय येतील बहुतेक. बाकीचं बघू. बाकीचं म्हणजे काय ते दादानं सांगितलं नाही, आईनं विचारलं नाही.

"सोनीला द्ये," आई म्हणाली.

वहिनी फोनवर आली. आईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. शेवटी म्हणाली, "जेवलीस का?"

"न्हाय, आत्ती."

"जेव. दोगांनी बी जेवा."

मेंढरं जोतीरामकाका घेऊन गेले. त्यांची आणि आमची एकत्र करून. जाताना आईला म्हणाले, "सुनंला सांग, काका म्हनत व्हता की..." आणि पुढं काही न म्हणता कुत्र्यांना हाका मारायला लागले.

आम्ही दवाखान्यात पोचलो तोवर मधे बरेच दिवस गेले होते. पोरीला टोपडं घालून, एसटीनं, आई आणि मी. सोलापूरच्या त्या मोठ्या दवाखान्याच्या वॉर्डात तात्या पांढऱ्या चादरीवर फार लहान दिसत होते. पायांत जोर येत होता. कठड्याला धरून दारापर्यंत जाऊन येत होते. पण खाटेला पिशवी लटकत होती, नळी चादरीखाली गेलेली. कुणी भेटायला आलं की तात्या पिशवीवर टॉवेल टाकायचे.

दादा मधे गावी येऊन जायचा. वहिनी तिथून हलली नव्हती. पिशवी भरली की तीच रिकामी करायची. पहिल्या दिवशी तात्यांनी तोंडावरून चादर ओढून घेतली होती आणि म्हणाले होते, मला मारून टाक त्यापरास. वहिनीनं नळीचा खटका सोडत विचारलं, "मामा, त्या कानफाट्या मेंढीला किती येतं झाली, किती डाव व्याली?" तात्या चादरीआडून म्हणाले, "पाच." मग ह्या मेंढीचं त्या मेंढीचं निघालं. पुढं रोज पिशवी रिकामी व्हायची ती मेंढरांच्या गप्पांत. मला हे शेजारच्या खाटेजवळ नवऱ्याची शुश्रूषा करत बसलेल्या बाईनं सांगितलं. ती तेलुगू बोलणारी, विणकराच्या घरातली. तिला वाटत होतं वहिनी तात्यांची लेक आहे. आई ऐकत होती. म्हणाली, "लेकच हाय."

त्याच सकाळी नळी काढली होती. तरुण डॉक्टर येऊन तात्यांच्या खाटेच्या कडेला टेकला. "आजोबा, पाणी पीत राहा. वाटलं की जाऊन बसा. झाली तर चांगलं. नाही झाली तर परत नळी घालू. काही जणांना महिने लागतात, काहींना कायमची लागते. पण घाबरायचं नाही."

तात्यांनी मान डोलावली. डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेला तसे ते छताकडं बघत म्हणाले, "नळी घिऊन मेंढरामागं कसा हिंडू मी?"

 वहिनीनं पेला भरून पुढं केला. तात्या प्यायले. आणखी एक. माझी पोर त्यांच्या उशाशी ठेवली होती, तिनं दुपटं ओलं केलं तशी आई म्हणाली, "बग, कशी बिनघोर सोडती." मग आपणच काय बोललो ते कळून तिनं जीभ चावली. पण तात्या हसले. किती दिवसांनी हसले असतील.

ऊन खिडकीतून खाटेवर आलं आणि तात्या एकदम म्हणाले, "बिऱ्या, धर."

दादानं त्यांना धरून कोपऱ्यातल्या संडासात नेलं. दार लोटलं. आम्ही बाहेर भिंतीला टेकून उभ्या. आई डोळे मिटून बिरोबाचं नाव घेत होती. वहिनी माझ्या पोरीला खांद्यावर घेऊन थोपटत होती. पोर केव्हाची झोपली होती, तरी थोपटतच होती. आतून काही आवाज नाही. परिचारिका ट्रॉली घेऊन गेली, परत आली. अजून नाही. आईनं माझा दंड घट्ट धरला.

मग आतून तात्या खेकसले.

"आरं मुडद्या, भाईर जा की! मानूस डोक्यावर हुबा राहिल्यावर कसं व्हायाचं?"

दार उघडून दादा बाहेर आला. तोंडावर हसावं की रडावं असं. दार पुन्हा लागलं. आम्ही चौघं उभे. 

पाण्याचा आवाज यायला लागला. आधी थेंब थेंब, थांबत थांबत. मग सलग.

आईनं डोळे उघडले. चिडून दादाला म्हणाली, "नळ कशाला सोडून आलास रं?"

"न्हाय, आत्ती," वहिनी म्हणाली, आणि पोरीच्या टोपड्यात तोंड लपवलं. "नळ न्हाय त्यो."